कै. केशवराव भोसले यांचें नाट्यदिग्दर्शन : साधनें व विचार

दि. ८ ऑगस्ट २०२४ रोजीं रात्रीं कोल्हापूर येथील केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागून त्याचा रंगमंच, आंतील काष्ठकाम व छप्पर जळून गेलें. राजर्षि शाहू छत्रपतींनीं बांधविलेल्या या गृहाच्या दगडी भिंतींचा बराच भाग उभा राहिला. ज्या पुरुषाचें नांव त्या गृहास दिलेलें आहे, त्याची जयंती दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ९ ऑगस्टला होती. गांवांत जयंतीची तयारी चालू असतां लोकांस राखेपुढें उभें राहावें लागलें. त्या गृहाच्या पुनरुभारणीचें काम पुढें हातीं घेण्यांत आलें, ही समाधानाची गोष्ट होय. वास्तु पुन्हा उभी करतां येते. परंतु त्या प्रसंगीं जी एक शंका आमच्या मनांत आली, ती आम्ही या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. ज्याच्या नांवाची पाटी त्या दारावर होती, त्याच्या कार्याचे कागद आपण कितपत जतन करून ठेविले आहेत?

केशवरावांस महाराष्ट्र ‘संगीतसूर्य’ या नांवानें ओळखतो. त्यांच्या गळ्याची, तानेची व तडफेची वर्णनें पुष्कळांनीं लिहिलीं आहेत व तीं यथार्थ आहेत. तथापि केवळ गायक म्हणून त्यांचें स्मरण केल्यानें त्यांच्या दुसऱ्या व आमच्या मतें अधिक टिकाऊ कार्याकडे दुर्लक्ष झालें आहे. एका नाटकमंडळीचे मालक व तालीममास्तर या नात्यानें त्यांनीं जवळजवळ चौदा वर्षें जें केलें, त्यास आज आपण दिग्दर्शन म्हणतों. तें दिग्दर्शन काय होतें व तें कोणत्या साधनांनीं सिद्ध करतां येईल, याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

(१) ‘दिग्दर्शक’ या शब्दाचा अवलंब

प्रथम शब्दाविषयीं थोडें स्पष्टीकरण अवश्य आहे. ‘दिग्दर्शक’ हा शब्द त्या काळच्या मंडळ्यांत रूढ नव्हता. त्यामुळें तें पद त्या वेळीं अस्तित्वांतच नव्हतें, असें मानण्याकडे कांहींचा कल दिसतो. हा कल चुकीचा आहे. पद नव्हतें, पण काम होतें, आणि तें काम काळानुसार हस्तांतर पावत गेलें.

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हां तें काम सूत्रधाराकडे होतें. सूत्रधार रंगभूमीवर उभा राहून पदें म्हणे, पात्रांस आणी व नेई, आणि कथेचा धागा आपल्या हातीं ठेवी. म्हणजे प्रयोग चालू असतांच तो प्रेक्षकांच्या देखत दिग्दर्शन करीत असे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल पुण्यास झालें व तेथपासून हें काम नाटककाराकडे गेलें. अण्णासाहेब स्वतः नाटक लिहीत, स्वतः चाली बसवीत व स्वतः तालीम देत. गोविंद बल्लाळ देवल यांनींही हीच परंपरा चालविली. देवल हे नाटककार म्हणून जितके मोठे, तितकेच नाट्यशिक्षक म्हणूनही मोठे होते. नटानें वाक्य कोठें थांबवावें, कोणता शब्द उचलावा, हें ते जातीनें शिकवीत. नाटककार मंडळींत राहत असे तोंपर्यंत ही व्यवस्था चालली. मंडळ्या वाढल्या, एक मंडळी अनेक लेखकांचीं नाटकें करूं लागली, तेव्हां तालीम कोणीं द्यावी हा प्रश्न उत्पन्न झाला. त्याचें उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभीं असें मिळालें कीं, जो मालक तोच प्रमुख नट व तोच तालीममास्तर. केशवराव हे या तिसऱ्या अवस्थेचे प्रतिनिधि होत.

(२) पूर्ववृत्त

केशवरावांचा जन्म कोल्हापूर येथें ९ ऑगस्ट १८९० रोजीं झाला. पुढच्याच वर्षीं मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली. नाटकमंडळ्यांच्या इतिहासांत रेल्वेचें महत्त्व लहान नाहीं. पडदे, पोशाखांच्या ट्रंका, पेट्या व पाऊणशें माणसांचें बिऱ्हाड बैलगाडीनें हलविणें व आगगाडीनें हलविणें यांत केवढें अंतर आहे, हें वाचकांनींच ताडावें. १८९४ सालीं शाहू महाराजांनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं. मल्लविद्या, गायन, चित्रकला व नाट्य या चारींस या संस्थानांत एकाच वेळीं आश्रय मिळाला. केशवरावांचें बालपण अशा काळीं गेलें.

घरची स्थिति बेताची असल्यामुळें त्यांस अगदीं लहान वयांत, म्हणजे चवथ्या-पांचव्या वर्षाच्या सुमारास, जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटकमंडळींत ठेवण्यांत आलें. त्यांचे बंधु दत्तोबा हेही त्या मंडळींत होते. ज्या वयांत मुलें पाटीवर धुळाक्षरें गिरवितात, त्या वयांत केशवराव पदें व नकला पाठ करीत होते. येथें ‘नक्कल’ हा मंडळ्यांतील शब्द आहे. एका पात्राचीं भाषणें व त्यापूर्वींचे सूचक शब्द ज्या चोपडींत उतरून नटास देत, ती नक्कल. संपूर्ण नाटक एकाच बाडांत असे व तें मालकाच्या ताब्यांत राही. नाटकें दुसऱ्या मंडळीच्या हातीं जाऊं नयेत, हा त्यांतील एक हेतु होता. परंतु त्याचा परिणाम असा होई कीं, नटास केवळ आपलाच भाग ठाऊक असे आणि समग्र प्रयोगाची कल्पना फक्त तालीम देणाऱ्याच्या डोक्यांत असे.

देवलांचें शारदा हें नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. वृद्धाच्या गळ्यांत बांधली जाणारी अल्पवयीन कन्या हा त्याचा विषय. स्वदेशहितचिंतक मंडळींत केशवरावांनीं शारदेची भूमिका केली व बालवयांतच त्यांचें नांव सर्वत्र झालें. नायिकेचें वय व नटाचें वय यांत फारसें अंतर नसल्यानें त्या भूमिकेंत जो साक्षात्पणा आला असेल, तो प्रौढ स्त्रीपार्टी नटास साधणें कठीण होतें. मुलाच्या कोवळ्या गळ्यावर मंडळीचा गल्ला अवलंबून राहतो, याचाही अनुभव त्यांस याच वेळीं आला. पुढें त्यांनीं आपल्या मंडळींत जी घडी बसविली, तिचें मूळ या अनुभवांत शोधावें लागतें.

(३) ललितकलादर्शाची स्थापना

१ जानेवारी १९०८ रोजीं हुबळी येथें केशवरावांनीं ललितकलादर्श नाटकमंडळी स्थापन केली. त्या वेळीं त्यांचें वय अठराव्या वर्षांत होतें. स्थळ हुबळी कां, असा प्रश्न साहजिक आहे. त्या काळीं धारवाड, हुबळी, गदग, बेळगांव हा सर्व टापू मुंबई इलाख्यांत असून मराठी मंडळ्यांच्या नित्य फेऱ्यांतला होता. हुबळी हें रेल्वेचें मोठें ठाणें व व्यापाराची पेठ होती. मराठी नाट्यपदांचा श्रोता तेथें तितकाच जाणता होता, जितका पुण्यास वा मुंबईस.

मंडळीचें नांवही लक्षांत घेण्यासारखें आहे. ‘किर्लोस्कर’ हें प्रवर्तकाचें नांव, ‘शाहूनगरवासी’ हें स्थानाचें, ‘स्वदेशहितचिंतक’ हें उद्देशाचें. ‘ललितकलादर्श’ या नांवांत गायन हा शब्द नाहीं व मालकाचें नांवही नाहीं. काव्य, गायन, चित्र, अभिनय या सर्व ललित कलांचा आरसा, असा त्याचा अर्थ. नांवावरून सिद्धान्त काढणें धोक्याचें असतें हें आम्ही जाणतों. परंतु पुढील तेरा वर्षांतील वर्तन या नांवाशीं जुळतें, म्हणून त्याचा उल्लेख केला.

(४) दिग्दर्शनाचीं चार अंगें

केशवरावांच्या कार्याची परीक्षा चार अंगांनीं करतां येते : नाटकांची निवड, देखावा, गायनाची शिस्त व मंडळीची घडी.

पहिलें अंग नाटकांची निवड. सौभद्र, मृच्छकटिक व शारदा हीं प्रत्येक संगीत मंडळीचीं ठेवणींतलीं नाटकें होतीं. त्यांवर गल्ला हमखास होई. उत्तम गळा असलेल्या नटास आयुष्यभर तेवढीं पुरलीं असतीं. परंतु १९१२ सालीं ललितकलादर्शानें हिराबाई पेडणेकर यांचें दामिनी हें नाटक रंगभूमीवर आणलें. हिराबाई कलावंत घराण्यांत जन्मलेल्या, गायनांत भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूचें शिक्षण घेतलेल्या. स्त्रीनें, आणि त्यांतही त्या समाजांतल्या स्त्रीनें लिहिलेलें नाटक प्रतिष्ठित मंडळीनें करावें, ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर १९१३-१४ च्या सुमारास वीर वामनराव जोशी यांचें राक्षसी महत्त्वाकांक्षा आलें. त्यांत मृणालिनीची भूमिका स्वतः केशवरावांची. पुढें १९१६-१७ च्या सुमारास भार्गवराम विठ्ठल वरेरकर यांचें हाच मुलाचा बाप व १९१९ सालीं त्यांचेंच संन्याशाचा संसार हीं नाटकें झालीं. पहिल्याचा विषय हुंडा, दुसऱ्याचा धर्मांतर व परावर्तन. यशवंत नारायण टिपणीस यांचें शहाशिवाजी हेंही याच मंडळीचें. वरेरकर पुढें ‘मामा’ या नांवानें महाराष्ट्रास परिचित झाले. परंतु ज्या वेळीं त्यांस भरंवशाची मंडळी हवी होती, त्या वेळीं ती त्यांस केशवरावांच्या रूपानें मिळाली. पौराणिक राजवाड्यांतून मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या दिवाणखान्यांत संगीत नाटकास आणण्याचें श्रेय लेखकाचें खरें. पण गायक-मालकानें तें धाडस पत्करलें नसतें तर तें बाड लेखकाच्या पेटींतच राहिलें असतें.

दुसरें अंग देखावा. त्या वेळच्या मंडळ्यांजवळ ठराविक पडद्यांचा संच असे : एक रस्ता, एक दरबार, एक अरण्य, एक बाग. कोणतेंही नाटक असो, दुष्यंताचें अरण्य व नलाचें अरण्य एकच. ही रीत बदलण्यास कोल्हापूरच्याच दोन चित्रकारांचें साह्य झालें. आनंदराव मिस्त्री व बाबूराव मिस्त्री हे ते दोघे. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूराव पुढें ‘पेंटर’ या नांवानें विख्यात झाले, त्यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली व १९२० सालीं सैरंध्री हा चित्रपट प्रसिद्ध केला. बाबूरावांचा जन्मही १८९० सालचाच. एकाच गांवांत एकाच वर्षीं जन्मलेले हे दोघे, एकानें रंगभूमीचा व दुसऱ्यानें चित्रपटाचा पाया भरला, हा योगायोग विलक्षण आहे. नाट्यपडदे रंगवितां रंगवितां बाबूरावांचा हात दूरत्व, छाया व प्रकाश यांवर बसला. कोल्हापूरच्या चित्रपटाचा इतिहास लिहितांना नाट्यपडद्यांपासून प्रारंभ केला पाहिजे, असें आमचें मत आहे. मराठी रंगभूमीवर मखमलीचा दर्शनी पडदा प्रथम वापरण्याचें श्रेयही ललितकलादर्शासच दिलें जातें. मखमलीचा पडदा हा केवळ डौल नव्हे. रंगविलेला पडदा प्रेक्षकास आधींच एक चित्र दाखवितो, मखमलीचा पडदा कांहींच दाखवीत नाहीं. जें पाहावयाचें तें त्याच्यामागें आहे, एवढेंच तो सांगतो. त्यांत दिग्दर्शकाची दृष्टि आहे.

तिसरें अंग गायन. केशवरावांनीं रामकृष्णबुवा वझे यांचेपाशीं शिक्षण घेतलें. बुवांच्या गायकीचा जोरकसपणा केशवरावांच्या उंच, धारदार व चपळ गळ्यास मानवला. येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. संगीत नाटकांत पद लांबत गेलें, ‘वन्समोअर’च्या हांका पडत गेल्या, व कथानक तिष्ठत राहिलें. या दोषापासून केशवरावांची मंडळीही मुक्त नव्हती. रात्रीं सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले, तो कांहीं भाषणांमुळें नव्हे. परंतु ज्या मालकाचा गळाच मंडळीचें भांडवल, त्यानें हुंड्यासारख्या रोखठोक विषयाचें नाटक घ्यावें, ही गोष्ट त्या दोषाच्या उलट पारड्यांत घालावी लागते.

चवथें अंग मंडळीची घडी. नाटकमंडळी म्हणजे एक फिरतें कुटुंबच. त्यांत नट, साथीदार, पडदेवाले, रंगारी, आचारी, शिंपी व शिकाऊ मुलें असत. सकाळीं गायनाची मेहनत, दुपारीं तालीम, खेळाच्या दिवशीं सर्वांनीं वेळेवर रंगपटांत हजर, अशी दिनचर्या संगीत मंडळ्यांत असे. तालीम देणाऱ्याचा अधिकार या दिनचर्येवर उभा असे, केवळ विद्वत्तेवर नव्हे. शाळेचें शिक्षण फारसें न लाभलेल्या व वयानें बहुतेकांहून लहान असलेल्या तरुणानें तो अधिकार चालविला, यावरून त्याची योग्यता कळून येते.

खासबागेच्या कुस्तीच्या मैदानांत शाहू महाराजांच्या इच्छेवरून केशवरावांनीं मृच्छकटिकाचा खेळ उघड्यावर केला, असें कोल्हापुरांत परंपरेनें सांगितलें जातें. पडदा नाहीं, विंगा नाहींत, छप्पर नाहीं, आवाज वाढविण्याचें यंत्र नाहीं. अशा स्थितींत पात्रांचे येणें-जाणें, उभें राहणें व बोलणें हीं सर्व नव्यानें बसवावीं लागतात. ही परंपरा दिग्दर्शनाच्या दृष्टीनें मोलाची आहे. तिच्यास त्या दिवशींच्या हस्तपत्रकाचा आधार जोडला गेला, तर तिचें मोल दुप्पट होईल.

(५) संयुक्त मानापमान

केशवरावांच्या आयुष्यांतील सर्वांत गाजलेला प्रयोग ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें मानापमान मूळ १९११ सालचें, गोविंदराव टेंबे यांच्या चालींचें. या प्रयोगांत ललितकलादर्श व गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी व केशवराव धैर्यधर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास द्यावयाचें होतें. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले होते, व त्यांच्या नांवें एक कोटि रुपयांचा निधि जमविण्याचा संकल्प काँग्रेसनें १९२१ च्या वसंतांत बेझवाड्यास केला होता. त्यासाठीं ठरविलेली मुदत ३० जून होती. म्हणजे हा प्रयोग मुदतीनंतर आठव्या दिवशीं झाला. संकल्पित रक्कम पुरी करण्याच्या घाईंतून तो झाला, अशी जी समजूत आढळते, ती या तिथीशीं जुळत नाहीं. मुदत टळल्यावरही देशकार्याचा ओघ थांबला नव्हता, असाच अर्थ त्यांतून निघतो.

या प्रयोगाच्या आठवणी बहुधा दोन गळ्यांच्या सामन्याच्या रूपानें सांगितल्या जातात : कोणास किती ‘वन्समोअर’ मिळाले, कोणाचें पद अधिक रंगलें. आम्हांस यांत निराळा प्रश्न दिसतो. दोन मंडळ्यांच्या तालमीच्या रीती भिन्न, स्वर भिन्न, लय भिन्न. बालगंधर्वांचा गळा मृदु व लडिवाळ, केशवरावांचा तेजस्वी व वेगवान. दोघेही आपापल्या मंडळीचे धनी, दोघांसही कोणाची आज्ञा ऐकण्याची संवय नाहीं. असे दोन प्रवाह एका रात्रींत एका नाटकांत मिळवावयाचे, तर कोणीतरी आपली पट्टी, आपली जागा व आपला मान थोडा सोडला पाहिजे. नाटकाचें नांव मानापमान, आणि रंगपटांतही प्रश्न मानापमानाचाच. तो प्रयोग निर्विघ्न पार पडला, याचें श्रेय दोघांच्याही संयमास द्यावें लागेल. स्वतःची बाजू राखून दुसऱ्यास वाव देणें, ही दिग्दर्शनाचीच एक शाखा होय.

या प्रयोगानंतर अठ्ठ्याऐंशी दिवसांनीं, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, पुणें येथें विषमज्वरानें केशवरावांचा अंत झाला. वय एकतीस वर्षें. त्यांचे आश्रयदाते शाहू महाराज पुढील सालच्या मे महिन्यांत निवर्तले.

(६) एक कसोटी

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. केशवराव प्रधानतः गायक कीं तालीममास्तर? यास एक कसोटी सुचवितां येते. जी मंडळी केवळ एका गळ्यावर उभी असते, ती त्या गळ्याबरोबर मिटते. जी तालमीवर व योजनेवर उभी असते, ती मालक गेल्यावरही चालते.

ललितकलादर्श मिटली नाहीं. मंडळींतीलच व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांनीं धुरा उचलली. १९२२ सालीं वरेरकरांचें सत्तेचे गुलाम आलें, व १९२३ सालीं तुरुंगाच्या दारांत. सत्तेचे गुलाम या नाटकासाठीं पु. श्री. काळे यांनीं खऱ्याखुऱ्या खोलीचा भास करणारा देखावा उभा केला. गुंडाळणाऱ्या पडद्याच्या जागीं भिंती, दारें व खिडक्या आल्या. धनी गेल्याला वर्ष होतें न होतें तोंच मंडळीनें नव्या लेखनास नवा देखावा द्यावा, हें धनी जिवंत असतां घातलेल्या वळणाशिवाय घडत नाहीं. बापूराव १९३७ सालीं वारले. त्यानंतर त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनीं १९४२ सालीं मंडळीचें पुनरुज्जीवन केलें व ती पुढें कित्येक दशकें चालविली. केशवरावांच्या हयातींत मंडळीचें वय पावणेचौदा वर्षें होतें. त्यांच्या मागें ती त्याच्या अनेक पट जगली.

कोणी म्हणेल, किर्लोस्कर मंडळीही १८८५ सालीं अण्णासाहेब गेल्यावर चालली, १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर गेल्यावरही चालली. मग केशवरावांचें विशेष काय? हें खरें आहे. परंतु हा दाखला आमच्या मतास बाधक नसून पोषकच आहे. अण्णासाहेबांनींही गळ्यावर नव्हे, तालमीवर मंडळी उभारली होती. भाऊरावांनंतर मंडळीस जी ओढगस्त लागली, तिच्यांतून ती १९०५ सालीं बालगंधर्वांच्या आगमनानें सांवरली, म्हणजे एका गळ्याच्या जागीं दुसरा गळा मिळाला तेव्हां. ललितकलादर्शाच्या वेळीं तसें झालें नाहीं. केशवरावांच्या तोडीचा दुसरा गळा त्या मंडळीस मिळाला, असें कोणी म्हणत नाहीं. त्याच्या जागीं नवें नाटक व नवा देखावा आला. हा भेद आमच्या सिद्धान्ताचा आधार आहे.

(७) साधनांची अवस्था

इतका विचार केल्यावर इतिहासज्ञास जी खंत वाटते, ती आतां उघड बोलून दाखवितों. राजाची सनद राहते, सरदाराचा तह राहतो, कवीची पोथी राहते, चित्रकाराचें चित्र राहतें. तालीममास्तराचें काय राहतें? पडदा पडला कीं त्याची कृति संपली. गोविंदराव टेंबे, गणपतराव बोडस व मामा वरेरकर यांनीं आपापलीं आत्मवृत्तें लिहिलीं, हा महाराष्ट्रावर उपकार होय. परंतु तीं वृत्तें प्रसंगानंतर पुष्कळ वर्षांनीं लिहिलेलीं आहेत, व आठवणीचा स्वभाव असा कीं ती गळा लक्षांत ठेवते आणि तालीम विसरते. केशवरावांविषयींचा एकांगी समज याच कारणानें दृढ झाला आहे.

तेव्हां समकालीन कागदच शोधले पाहिजेत, आणि ते अगदींच दुर्मिळ नाहींत. त्यांचे प्रकार पुढीलप्रमाणें सांगतां येतील. पहिला, नाटकाचें बाड व नकला. समासांत कोठें ‘हें गाळावें’ असें लिहिलेलें असतें, कोठें पदावर रेघ मारलेली असते, कोठें प्रवेश डावीकडून कीं उजवीकडून याची खूण असते. छापील नाटक लेखकाचें, समासांतील रेघ तालीममास्तराची. दुसरा, जमाखर्चाच्या वह्या. मखमल किती वार घेतली, रंगाऱ्यास काय दिलें, कोणत्या मुक्कामीं किती खेळ झाले, हें त्यांतच मिळतें. जुन्या वह्यांपैकीं कित्येक मोडींत असल्यामुळें नाट्यप्रेमी गृहस्थ त्यांस निरुपयोगी समजतात. त्याच मोडीवाचकांच्या हातीं पडल्या तर बोलूं लागतील. तिसरा, हस्तपत्रकें. कागद हलका, आयुष्य एका दिवसाचें, परंतु तिथि, स्थळ, पात्रयोजना व तिकिटाचा दर एका जागीं देणारें दुसरें साधन नाहीं. चवथा, पडदे व छायाचित्रें. पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला कीं रंगाचे पापुद्रे सुटतात, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे.

भालचंद्र पेंढारकर यांनीं आपल्या उत्तर आयुष्यांत पदरमोड करून नाटकांचें ध्वनिमुद्रण करून ठेविलें. एका नटानें स्वतःच्या कलेचें दप्तर स्वतः सांभाळल्याचें हें उदाहरण आहे. ज्या मंडळीचा पाया केशवरावांनीं घातला, तिच्याच वारसानें हें केलें, हें विशेष. पण ध्वनि हा दप्तराचा एक विभाग झाला, कागदांचा विभाग अद्याप मोकळा आहे.

पेशवे दप्तराचा एखादा रुमाल सांपडला तर आपण आनंदानें त्याची सूचि करतों. कोल्हापूर, मिरज, सांगली, हुबळी, बेळगांव या टापूंत ज्या घरांतून कोणी एके काळीं मंडळींत होतें, त्या घरांतील ट्रंकेंत एखादी नक्कल, एखादें हस्तपत्रक वा हिशेबाची वही असण्याचा संभव आहे. ती अडगळ म्हणून टाकूं नये, रद्दीवाल्यास देऊं नये, व दुरुस्तीच्या हौसेनें तिचे समास कापूं नयेत. जशी असेल तशी नक्कल करून घ्यावी, मूळ कागद कोरड्या जागीं ठेवावा, व त्यावर कोणाच्या घरचा, कोणत्या गांवचा, एवढें तरी टिपून ठेवावें. संग्राहकांनींही राजकीय कागदांच्या शोधांत अशा वह्या बाजूस सारूं नयेत, ही नम्र विनंति.

१९१३ सालीं पायाभरणी होऊन १९१५ सालीं पुऱ्या झालेल्या त्या नाट्यगृहाचें छप्पर पुन्हा बांधतां येईल, कारण तें कसें होतें हें सांगणारीं छायाचित्रें व मोजमापें उपलब्ध असतात. केशवरावांची तालीम कशी होती हें सांगणारे कागद मात्र एकदां जळाले वा कुजले तर पुन्हा लिहितां येणार नाहींत. वास्तूस आग लागली म्हणून सारा गांव धांवला. कागदास लागणारी वाळवी कोणाच्या नजरेस पडत नाहीं. ती ज्यांच्या नजरेस पडते, असे वाचक या त्रैमासिकास लाभलेले आहेत, म्हणून हें लिहिण्याचें धाडस केलें.